जागा आहे, रकाना अपुरा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या चार पत्रांत तक्रार एकच आहे, शब्द तेवढे वेगळे. पेनड्राइव्हमध्ये जागा भरपूर दिसते, फाइल त्या जागेच्या पाव हिश्शाएवढीही नाही, तरी ती उतरत नाही. एकाला वाटते की पेनड्राइव्ह बनावट निघाला. दुसऱ्याला संगणकात व्हायरस शिरल्याचा संशय आहे. तिसऱ्याने रागाने तीन पेनड्राइव्ह बदलून पाहिले. चौथे पत्र कोकणातल्या एका भगिनीचे आहे. ते वाचल्यावर हा विषय पुढच्या अंकावर ढकलू नये असे आम्हाला वाटले.

या भगिनींच्या धाकट्या भावाच्या निकाहची फिल्म चित्रीकरण करणाऱ्याने साडेसहा जीबीची एकच सलग फाइल करून घरच्या लॅपटॉपवर टाकून दिली. फिल्मच्या शेवटच्या भागात त्यांच्या नानी आहेत. नव्या नातसुनेला शेजारी बसवून त्या घरच्या जुन्या गोष्टी सांगत आहेत. यंदा नानींचा इंतिकाल झाला. परदेशात राहणाऱ्या खालाजानना ही फिल्म पाठवायची, म्हणून 32 जीबीचा नवा पेनड्राइव्ह आणला. कॉपी झाली नाही. दुकानदाराने पेनड्राइव्ह खराब म्हणून दुसरा दिला, त्याचीही तीच गत. मग आणखी एका दुकानातल्या मुलाने सांगितले की लॅपटॉपची हार्डडिस्कच फॉरमॅट करावी लागेल. भगिनींचा प्रश्न आहे, तसे करू द्यावे का?

मुळीच नाही. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. लॅपटॉपची डिस्क फॉरमॅट केली तर नानींची फिल्मच जाईल आणि पेनड्राइव्हची अडचण जशीच्या तशी राहील. पेनड्राइव्ह चांगला आहे, लॅपटॉप चांगला आहे, फाइलही चांगली आहे. अडचण जागेची नाहीच, आकडा लिहिण्याच्या रकान्याची आहे. उपाय दहा-पंधरा मिनिटांचा आहे आणि तो याच लेखात दिला आहे. पण आधी कारण समजून घेतलेले बरे. कारण माहीत नसल्यामुळेच दुकानातला मुलगा घरातली अमानत पुसायला निघतो.

जुन्या स्कूटरचा किलोमीटर मोजणारा मीटर आठवा. त्यात पाच आकडे. गाडी 99,999 पर्यंत धावली की पुढच्या किलोमीटरला मीटर 00000 दाखवी. इंजिनात दम असे, टाकीत पेट्रोल असे, रस्ता समोर असे. संपलेला असे तो फक्त आकडे दाखवण्याचा खण. संगणकातही प्रत्येक आकड्यासाठी असेच मोजके खण असतात. फरक इतकाच की आपला खण शून्य ते नऊ दाखवतो, संगणकाचा फक्त शून्य किंवा एक. या एका खणाला बिट म्हणतात. एक खण वाढला की मोजण्याची ताकद दुप्पट होते. सोळा खणांत 65,536 वेगवेगळे आकडे मावतात, बत्तीस खणांत 4,29,49,67,296. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा. बाइटच्या हिशेबात तो बरोबर 4 जीबी होतो.

आता हा हिशेब ठेवतो कोण? संगणक असो की मोबाइल, त्याच्या पोटात एक मूळ प्रोग्रॅम सतत चालू असतो. त्याला कर्नल म्हणतात. (सैन्यातला कर्नल नव्हे. बदामाच्या टरफलात जसा गर, तसा यंत्रणेच्या आत हा गाभा.) फोटो पाहायचा अॅप, व्हिडिओ चालवणारा प्लेअर, कॉपी करणारा प्रोग्रॅम, यांपैकी कुणालाही थेट डिस्कला हात लावता येत नाही. सगळ्यांना कर्नलकडे अर्ज करावा लागतो: अमुक फाइलच्या अमुकाव्या बाइटपासून मला लिहायचे आहे. कर्नल पुढे त्या डिस्कची मांडणी पाहतो. या मांडणीला फाइल-सिस्टिम म्हणतात. कपाटात कोणत्या फळीवर काय ठेवले आहे, याची ती वही. वहीत प्रत्येक फाइलचे एक कार्ड असते आणि त्यावर फाइलचा आकार लिहायला ठरावीक रुंदीचा रकाना असतो. ज्या आकड्याला रकाना पुरत नाही, तेवढी मोठी फाइल ती मांडणी ठेवूच शकत नाही. कर्नलला हे आधीच माहीत असते. डिस्क जोडली जाते तेव्हाच ‘या मांडणीत फाइल जास्तीत जास्त एवढी’ हा आकडा तो टिपून ठेवतो आणि त्यापलीकडे लिहिण्याचा अर्ज आला की नकार देतो.

नकार देतो हे चांगलेच करतो. स्कूटरच्या मीटरसारखा आकडा पुन्हा शून्यावर गेला असता, तर फिल्मचा पुढचा भाग फिल्मच्या सुरुवातीवरच लिहिला गेला असता.

हा रकाना कसा रुंद होत गेला, याची हकिकत लिनक्स नावाच्या कर्नलमध्ये नीट पाहायला मिळते, कारण त्याचा सगळा मजकूर जगापुढे खुला आहे. तो आपल्यापासून फार दूरही नाही. अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनच्या आत लिनक्सचाच कर्नल चालतो.

1991 मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्स लिहायला घेतले. फाइल ठेवण्याची मांडणी त्याने मिनिक्स या यंत्रणेची उचलली. मिनिक्स ही अॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी बनवलेली छोटी यंत्रणा. त्या मांडणीत डिस्कचे एक-एक केबीचे तुकडे मोजायला सोळा खण होते. म्हणजे 65,536 तुकडे, एकूण 64 एमबी. आज फोनमधले दहा-पंधरा फोटो एवढे होतात. तेव्हा मात्र अख्खी डिस्कच एवढी असावी, असा हिशेब होता. फाइलचे नावही चौदा अक्षरांपलीकडे जात नसे.

हे फार दिवस पुरण्यासारखे नव्हते. 1992 मध्ये फ्रान्सच्या रेमी कार्ड यांनी ‘एक्स्ट’ ही नवी मांडणी बनवली. तिची मर्यादा 2 जीबी. पुढच्याच वर्षी एक्स्ट-2 आली. तिच्यात रेमी कार्ड यांच्याबरोबर थिओडोर त्सो आणि स्टीफन ट्वीडी यांचा हात होता. एक्स्ट-2 मध्ये संपूर्ण डिस्क 4 टीबीपर्यंत चालू शकत होती. त्या काळी एवढी डिस्क कुणाच्या घरी काय, कार्यालयातही नव्हती. तरीसुद्धा एका फाइलची मर्यादा 2 जीबीच राहिली. कपाट चार हजार जीबीचे, पण त्यात ठेवायचा एक डबा दोन जीबीपेक्षा मोठा नको!

असे का? कारण अडसर आता कपाटात नव्हता, कारकुनाच्या हातात होता. फाइलमध्ये आपण कुठे आहोत हे मोजण्यासाठी कर्नल जो आकडा वापरत होता, तो साध्या यंत्रांवर बत्तीस खणांचा होता आणि त्यातला एक खण अधिक-उण्याच्या चिन्हाला दिलेला होता. फाइलमध्ये मागे जायचे तर आकडा उणे लागतो आणि काही चूक झाली तर ‘उणे एक’ असे उत्तर द्यायची पद्धत होती. एक खण गेला की ताकद निम्मी. 4 जीबीचे 2 झाले. नेमके सांगायचे तर 2,14,74,83,647 बाइट. त्यापलीकडे एक बाइटही नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत याचे कुणाला दुःख नव्हते. नंतर टोचू लागले. मोठ्या कार्यालयांची नोंदवही एका फाइलमध्ये असे. ती वाढत-वाढत 2 जीबीला टेकली की लिहिणारा प्रोग्रॅम जागीच बंद पडे आणि पडद्यावर ‘फाइलच्या आकाराची मर्यादा ओलांडली’ एवढीच ओळ उरे. लग्नसमारंभ टिपणाऱ्या डिजिटल कॅसेटचे कॅमेरे आले तेव्हा तर फारच पंचाईत झाली. त्या चित्रीकरणाचा एक तास संगणकावर सुमारे 13 जीबी होतो. म्हणजे साधारण दहा मिनिटांतच 2 जीबीची भिंत. त्या काळच्या फिल्म तुकड्यातुकड्यांत का सापडतात, याचे एक कारण हेही आहे.

यावर युनिक्स बनवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र बसून मोठ्या फाइलींसाठी एक समान पद्धत ठरवली. बत्तीसच्या जागी चौसष्ट खण. लिनक्समध्ये ती साध्या 32 बिटी यंत्रांसाठी कर्नलच्या 2.4 या आवृत्तीत आली, जानेवारी 2001 मध्ये. ऐकायला सोपे वाटते. आकडा रुंद करायचा, झाले. पण येथेच खरी कसोटी होती आणि ती कशी पार पाडली, हे आम्हाला या सगळ्या हकिकतीत सर्वांत शिकण्यासारखे वाटते.

पहिला प्रश्न जुन्या डिस्कचा. लाखो डिस्कांवर एक्स्ट-2 ची कार्डे आधीच छापलेली होती, आकाराचा रकाना बत्तीस खणांचा. ‘सगळे पुसा आणि नव्याने भरा’ असे सांगता आले असते. तसे केले नाही. त्या कार्डावर एक रकाना फक्त फोल्डरच्या कामासाठी राखून ठेवलेला होता. साध्या फाइलींच्या कार्डावर तो रिकामाच राही. आकड्याचा वरचा अर्धा भाग तिथे लिहायचे ठरले. छोट्या फाइलीच्या कार्डावर त्या रकान्यात शून्यच राहणार, म्हणजे जुने कार्ड नव्या हिशेबातही आपोआप बरोबर. एकाही घराला आपली डिस्क पुसावी लागली नाही.

दुसरा प्रश्न जुन्या कर्नलचा. नव्या कर्नलने मोठी फाइल लिहिलेली डिस्क उद्या कुणी जुन्या संगणकाला जोडली तर? त्याला तो वरचा रकाना कळणार नाही आणि अर्धवट आकडा खरा मानून तो सगळे बिघडवून ठेवील. म्हणून अशी पहिली मोठी फाइल लिहिली जाताच डिस्कच्या पहिल्या पानावर एक खूण केली जाते. जुना कर्नल ही अनोळखी खूण पाहतो आणि ठरल्याप्रमाणे डिस्क फक्त वाचायला देतो, लिहायला नाही. जे कळत नाही त्यात ढवळाढवळ करायची नाही.

तिसरा प्रश्न जुन्या प्रोग्रॅमचा आणि तो सर्वांत नाजूक. बत्तीस खणांच्या काळात लिहिलेल्या प्रोग्रॅमला 5 जीबीची फाइल उघडून दिली तर तिचा आकार त्याच्या खणात मावणारच नाही. कर्नलने यावर साधा नियम केला. मोठी फाइल मागणाऱ्या प्रोग्रॅमने अर्ज करतानाच ‘मला मोठा आकडा कळतो’ असे सांगावे. न सांगितल्यास फाइल उघडायलाच मिळणार नाही. आणि हे सगळे करताना जुन्या अर्जांचे नमुने बंद केले नाहीत. नव्या नमुन्यांची खिडकी जुन्या खिडकीच्या शेजारी उघडली. चालत्या माणसाचे काम अडू नये, ही लिनस टोरवाल्ड्सची हट्टाची शिस्त. त्याची भाषा पुष्कळदा कडक असते, ती आम्हाला रुचत नाही, पण हा हट्ट मात्र रुचतो.

अर्थात एक रकाना रुंद केला की शेजारचा अरुंद रकाना आडवा येतो. एक्स्ट-2 आणि पुढच्या एक्स्ट-3 मध्ये फाइल किती तुकडे खाते हे मोजणारा आणखी एक रकाना होता, बत्तीस खणांचाच. तुकडा 512 बाइटचा. गुणाकार केला तर 2 टीबी. त्यामुळे नवी मर्यादा तिथे येऊन थांबली. 2008 च्या डिसेंबरमध्ये एक्स्ट-4 पक्की झाली. तिने एका फाइलची मर्यादा 16 टीबीवर नेली आणि संपूर्ण डिस्कची 1 एक्साबाइटवर. एक्साबाइट म्हणजे दहा लाख टीबीपेक्षा थोडे जास्त. एक्सएफएस ही दुसरी मांडणी तर एकाच फाइलला 8 एक्साबाइटपर्यंत जागा देते. चौसष्टपैकी एक खण चिन्हाला दिल्यावर जो आकडा उरतो, तोच हा. तासाला 8 जीबी या हिशेबाने एवढ्या फाइलमध्ये 107 कोटी तासांची फिल्म मावेल. सलग पाहिली तर एक लाख बावीस हजार वर्षे! आमच्याकडच्या वलीम्याच्या फिल्म लांब असतात हे कबूल, पण इतक्या नाही.

मग लिनक्सची भिंत 2001 मध्येच पडली असताना, आपल्या भगिनींची साडेसहा जीबीची फाइल आजही का अडते? कारण पेनड्राइव्हवरची वही वेगळी आहे.

तिचे नाव फॅट-32. मायक्रोसॉफ्टने ती 1996 मध्ये विंडोज 95 च्या सुधारित आवृत्तीबरोबर आणली. तिच्या कार्डावर फाइलच्या आकारासाठी बत्तीस खण आहेत, त्यांत चिन्हासाठी एकही खर्च केलेला नाही. म्हणून मर्यादा 4 जीबीला एक बाइट कमी. हे कार्ड अवघे 32 बाइटचे, दाटीने भरलेले. लिनक्सवाल्यांसारखा शहाणपणा इथे का झाला नाही, असे कुणी विचारील. अडचण अशी की फॅट-32 फक्त संगणक वाचत नाहीत. टीव्ही, कॅमेरे, गाडीतले म्युझिक प्लेअर, प्रिंटर, सगळे वाचतात आणि यांतल्या बहुतेकांचे आतले प्रोग्रॅम कुणी कधी बदलत नाही. कार्ड बदलले असते तर घराघरांतली ही सारी यंत्रे आंधळी झाली असती. सगळ्यांना कळणारी भाषा म्हणून ती टिकली आणि टिकली म्हणून तिची अडचणही टिकली. 32 जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड आजही बहुधा याच मांडणीत येतात.

नवी वही आहे. एक्सफॅट नावाची, मायक्रोसॉफ्टचीच, 2006 ची. तिच्यात आकाराचा रकाना चौसष्ट खणांचा आहे. परंतु तिचा तपशील कंपनीने बरीच वर्षे हक्काखाली ठेवला. 2019 च्या ऑगस्टमध्ये तो खुला केला, त्यानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरच्या 5.4 या आवृत्तीत लिनक्सच्या कर्नलमध्ये एक्सफॅट वाचण्याची सोय आली आणि 2020 मध्ये 5.7 मध्ये तिची जास्त चांगली आवृत्ती. काही टीव्ही कंपन्यांनी आधीच परवाना घेऊन सोय केली होती, पुष्कळांनी नाही. म्हणून घरातला जुना टीव्ही एक्सफॅटचा पेनड्राइव्ह लावल्यावर काहीच दाखवत नसेल, तर आश्चर्य मानू नये.

आता उपाय. भगिनींनी आधी एक करावे. फिल्म ज्या लॅपटॉपवर आहे त्याला कुणालाही हात लावू देऊ नये आणि चित्रीकरण करणाऱ्याकडे मूळ प्रत अजून आहे का, हे आजच विचारावे. बरेच जण काही महिन्यांनी जुनी कामे पुसून टाकतात.

मग रिकामा पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावावा. त्यात आधीचे काही असेल तर ते दुसरीकडे उतरवून घ्यावे, कारण पुढच्या पायरीत पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते. संगणकाच्या यादीत पेनड्राइव्हच्या चित्रावर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट’ निवडावे. येथे घाई नको. आपण पेनड्राइव्हच निवडला आहे ना, हे आकारावरून ओळखावे. 32 जीबीचा पेनड्राइव्ह यादीत 29 जीबीच्या आसपास दिसतो (कंपनी हजाराच्या पटीने मोजते, विंडोज 1024 च्या, फसवणूक नव्हे). लॅपटॉपची डिस्क याच्या कितीतरी पट मोठी दिसेल. ‘फाइल सिस्टिम’च्या रकान्यात फॅट-32 लिहिलेले असेल, ते बदलून एक्सफॅट करावे आणि सुरू करावे. ‘क्विक फॉरमॅट’ला काही सेकंद लागतात. त्यानंतर साडेसहा जीबीची फाइल निमूट उतरते.

उतरली म्हणून लगेच समाधान मानू नये. दोन्हीकडच्या फाइलींवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ पाहावे. बाइटचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत सारखा हवा. मग पेनड्राइव्हवरची फिल्म उघडून सरळ शेवटची पाच मिनिटे पाहावीत. अर्धवट उतरलेली फिल्म सुरुवातीला नीट चालते, दगा शेवटी देते, आणि येथे जे जपायचे आहे ते शेवटीच आहे. पेनड्राइव्ह काढताना ‘इजेक्ट’ करूनच काढावा.

खालाजानकडचा टीव्ही जुना असेल, तर पेनड्राइव्ह फॅट-32 च ठेवून फिल्मचे दोन भाग करावेत. हे काम व्हिडिओ कापायच्या प्रोग्रॅमने करावे. फाइल नुसती मधोमध तोडणारे प्रोग्रॅमही मिळतात. त्यांचे तुकडे पुन्हा जोडल्याशिवाय चालत नाहीत, ते टीव्हीच्या उपयोगाचे नाहीत. फिल्म ‘झिप’ करून छोटी होईल, असेही कुणी सांगेल. होत नाही. व्हिडिओ आधीच दाबून बसवलेला असतो, आणखी दाबून त्यातून फारसे काही निघत नाही. शिवाय झिपच्या मूळ पद्धतीतही तोच 4 जीबीचा रकाना आहे.

आम्ही आणखी एक सुचवू. नानींचा भाग कापून त्याची स्वतंत्र छोटी फाइल करावी. ती कोणत्याही पेनड्राइव्हवर, कोणत्याही फोनवर उतरेल. तिच्या प्रती दोन-तीन घरांत ठेवाव्यात. साडेसहा जीबीची पूर्ण फिल्म कुणी वर्षातून एकदा उघडेल. ही वीस मिनिटांची फाइल पोरे पुन्हा-पुन्हा लावतील.

ज्यांच्याकडे येत्या महिन्यांत लग्नकार्य आहे, त्यांनी चित्रीकरण करणाऱ्याशी बोलतानाच ठरवून घ्यावे: फिल्म कशात देणार, एक फाइल की अनेक, आणि पेनड्राइव्ह कोणत्या मांडणीचा. फोनवर टिपणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की फुल एचडी चित्रीकरण साधारणपणे अर्ध्या-पाऊण तासात 4 जीबी गाठते, ‘फोर-के’ त्याच्याही बरेच आधी. काही फोन 4 जीबीला आपोआप तुकडा पाडून नवी फाइल सुरू करतात, काही पाडत नाहीत, कारण फोनच्या आतल्या मांडणीला त्याची गरज नसते. आवाज टिपणाऱ्यांना ‘वेव्ह’ प्रकारच्या फाइलीत हीच भिंत भेटते. सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण पावणेसात तासांच्या आसपास 4 जीबी होते. दिवसभराच्या कार्यक्रमाचे मुद्रण एकाच फाइलीत ठेवू नये. दर तास-दोन तासांनी थांबवून नवी फाइल सुरू करावी.

पेनड्राइव्ह सोडून थोडे मोठ्या डिस्ककडे वळू, कारण त्याबद्दलही एक पत्र आहे. एका वाचकांनी दुकानाच्या हिशेबासाठी 4 टीबीची डिस्क जुन्या संगणकात बसवली आणि वापरता येते फक्त 2 टीबी. येथे फाइलचा रकाना नाही, डिस्कच्या सुरुवातीला असलेला वाटणीचा तक्ता आडवा आला आहे. जुना तक्ता, ज्याला एमबीआर म्हणतात, डिस्कचे 512 बाइटचे तुकडे बत्तीस खणांनी मोजतो. पुन्हा तोच गुणाकार, 2 टीबी. 2010 च्या सुमारास 3 टीबीच्या डिस्क पहिल्यांदा बाजारात आल्या, तेव्हा काही जुन्या संगणकांवर त्या 746 जीबीच्या दिसत. स्कूटरचा मीटर शून्यावर जाऊन पुन्हा सुरू व्हावा तसा आकडा 2 टीबीला फिरे आणि वर उरलेले तेवढे दिसे. नव्या तक्त्याचे नाव जीपीटी, त्यात चौसष्ट खण. या वाचकांनी डिस्कवरचा हिशेब आधी दुसरीकडे उतरवून घ्यावा, मग जाणकाराकडून तक्ता जीपीटी करून घ्यावा. संगणकावर जुने 32 बिटी विंडोज एक्सपी असेल तर मात्र ते जीपीटी वाचणार नाही.

आणि बाहेरून यूएसबीने जोडायच्या मोठ्या डिस्क वापरणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. यांतल्या काही डिस्कांची पेटीच जुन्या संगणकाची समजूत घालते. ती तुकडा 512 ऐवजी 4,096 बाइटचा आहे असे सांगते. तुकडा आठपट झाला की त्याच जुन्या तक्त्यात 16 टीबी मावतात आणि काम भागते. पण पुढे कधी पेटीची वायर तुटली म्हणून आतली डिस्क काढून थेट संगणकात बसवली, तर तुकड्याचे माप बदलते, तक्त्याचा हिशेब जुळत नाही आणि डिस्क रिकामी दिसते. पडद्यावर लगेच ‘फॉरमॅट करायचे का?’ असा प्रश्न येतो. त्याला ‘नाही’ म्हणावे, तसल्याच बनावटीची दुसरी पेटी मिळवावी आणि डिस्क तिच्यात घालून पाहावी. आतले सगळे बहुधा जागच्या जागी असते.